बटरफ्लाय मिल्कवीड : ऊन भरपूर, पाणी बेताचं

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहणाऱ्या वाचकांकडून बागेविषयी जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे एकाच झाडाचे आहेत. जून ते ऑगस्टमध्ये गर्द नारिंगी फुलांनी भरणारं बटरफ्लाय मिल्कवीड, शास्त्रीय नाव अ‍ॅस्क्लेपिअस ट्यूबरोजा. आपल्या रुईच्या कुळातलं, पण उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीत, म्हणजे तिथल्या गवताळ रानात वाढणारं. उंची एक ते अडीच फूट, खोडावर बारीक लव, पानं लांबट आणि खोडावर एकाआड एक. जमिनीखाली जाडजूड, खोल गेलेलं सोटमूळ. या झाडाचं सगळं वागणं त्या मुळावरून ठरतं आणि पत्रांतली बहुतेक झाडं त्याच्या उलट वागवल्यामुळे गेली आहेत: जास्त पाणी, जास्त खत आणि वारंवार हलवाहलव.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात नर्सरीतून दोन झाडं आणली. खड्ड्यात भरपूर कंपोस्ट घालून लावली, उन्हाळाभर रोज पाणी दिलं. फुलंही आली. यंदा एप्रिल संपला, शेजारची सगळी झाडं वर आली, या दोघांचा पत्ता नाही. मेली असतील का? (नेपरविल, इलिनॉय)

उत्तर : आधी थांबा. हे झाड वसंतात सगळ्यांत उशिरा उठतं. उत्तर इलिनॉयमध्ये मेच्या मध्यापर्यंत जमिनीवर काहीही दिसत नाही आणि कधीकधी जून उजाडतो. याच काळात लोक जागा रिकामी समजून तिथे फावडं घालतात आणि जिवंत मूळ तोडतात. शरद ऋतूत वाळलेली खोडं मुळापासून कापू नका, चार-पाच इंच ठेवा म्हणजे जागा कळते.

जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काही दिसलं नाही तर बोटांनी वरची माती अलगद बाजूला करा. मुळाचा माथा दाबल्यावर टणक लागला आणि नखाने खरवडल्यावर आतून पांढरा दिसला, तर माती परत सारखी करा आणि वाट पाहा. तपकिरी, मऊ, दाबल्यावर चिरडणारा असेल तर मूळ कुजलेलं आहे.

तुमच्या वर्णनावरून कुजण्याची शक्यता बरीच आहे. तुमच्या भागातल्या नव्या वस्त्यांत बांधकामाच्या वेळी वरची माती काढली जाते आणि खालची चिकणमाती रोलरखाली घट्ट बसते. अशा जमिनीत खड्डा करून त्यात भुसभुशीत कंपोस्ट भरलं की तो खड्डा पाण्याच्या टाकीसारखा वागतो. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. उन्हाळ्यात झाड ते सोसतं. थंडीत, बर्फ वितळत असताना, मुळाचा माथा आठवडेच्या आठवडे गार चिखलात राहतो आणि तिथून कूज सुरू होते. झाड थंडीने मरत नाही, अमेरिकेत थंडीनुसार पाडलेल्या विभागांपैकी झोन ३ या अतिथंड भागातली कडाक्याची थंडी ते सहज काढतं. थंडी आणि ओल एकत्र आली की मरतं.

पुन्हा लावण्याआधी निचरा तपासा. एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरा आणि घड्याळ लावा. तासाला एक इंचापेक्षा कमी पाणी उतरत असेल तर ती जागा सोडा. उतारावरची, ड्राइव्ह-वेच्या कडेची किंवा दक्षिणेकडच्या भिंतीलगतची जागा बघा, जिथे किमान सहा तास थेट ऊन पडतं. तशी जागा नसेल तर जमिनीच्या वर आठ ते बारा इंचांचा उंचवटा करा: बागेतली माती आणि जाडी रेती किंवा बारीक खडी समसमान मिसळून. खड्ड्यात नुसती रेती भरण्याचा उपयोग नाही, पुन्हा तीच टाकी तयार होते. मुळाचा माथा मातीच्या पातळीला ठेवा, लाकडी मल्च, म्हणजे मातीवर पसरतात ते लाकडाचे ढलपे, त्याच्यापासून दोन-तीन इंच दूर ठेवा.

आणखी एक. हे झाड अटलांटिक किनाऱ्यापासून अ‍ॅरिझोनापर्यंत पसरलेलं आहे आणि प्रदेशाप्रमाणे त्याचे उपप्रकार आहेत. तुमच्याकडचा उपप्रकार इंटीरिअर. मिडवेस्टमधल्या देशी झाडांच्या काही नर्सऱ्या चिकणमातीत टिकणाऱ्या झाडांचं बी वेगळं विकतात. जमीन भारी पण पाणी न साचणारी असेल तर ते जरूर मागा.

प्रश्न : बियांपासून लावायचा दोनदा प्रयत्न केला. मार्चमध्ये घरात ट्रेमध्ये बी पेरलं, एकही उगवलं नाही. बी खराब होतं का? (सीडर रॅपिड्स, आयोवा)

उत्तर : बहुधा बी चांगलं होतं, त्याला थंडी मिळाली नव्हती. प्रेअरीत हे बी ऑक्टोबरमध्ये जमिनीवर पडतं आणि हिवाळाभर ओल्या गारठ्यात राहतं. ती ओली थंडी मिळाल्याशिवाय बहुतेक बिया उगवत नाहीत. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवून भागत नाही. ओल आणि गारवा दोन्ही एकाच वेळी लागतात.

सोपा मार्ग बाहेर पेरायचा. आयोवात नोव्हेंबरच्या मध्यानंतर, जमीन गोठायच्या सुमाराला, गवत काढून मोकळ्या केलेल्या मातीवर बी टाका, वर पाव इंच माती किंवा रेती पसरा, हाताने दाबा. खारी उकरतात म्हणून वर बारीक तारेची जाळी अंथरा आणि कडांवर विटा ठेवा. बाकीचं काम हिवाळा करतो. एप्रिलअखेर जाळी काढा.

घरात करायचं असेल तर मार्चच्या मध्याला सुरुवात करा. जाडी रेती किंवा व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) घ्या, पाण्याने भिजवा आणि मुठीत दाबून निथळवा. दाबल्यावर थेंब पडत असेल तर अजून पिळा. त्यात बी मिसळून झिप-लॉक पिशवीत भरा, तारीख लिहा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात १ ते ५ अंश सेल्सिअसला ३० दिवस ठेवा. फ्रीझरमध्ये नको. दर आठवड्याला उघडून बघा: बुरशी दिसली तर रेती बदला, कोरडं वाटलं तर दोन-चार थेंब पाणी शिंपडा. ३० ऐवजी ४५ दिवस झाले तरी बिघडत नाही.

पुढची पायरी बहुतेकांची चुकते. पसरट ट्रे घेऊ नका. रोपाला दोन पानं दिसतात तेव्हा खाली मूळ तीन-चार इंच गेलेलं असतं, आणि तळाला लागून ते वळलं की झाड पुढे कधीच नीट धरत नाही. किमान पाच इंच खोल कप किंवा नळ्या घ्या, बी पाव इंच खोल टाका आणि २१ ते २४ अंश तापमानात उजेडात ठेवा. एक ते तीन आठवड्यांत उगवतं. वरून पाणी घालत राहिलं तर कोवळी रोपं मातीलगत काळी पडून आडवी होतात, म्हणून कप ट्रेमध्ये ठेवून खालून पाणी द्या आणि वरची माती मधून मधून सुकू द्या. पानांच्या तीन जोड्या आल्या आणि फ्रॉस्टची भीती संपली की रोपं कायमच्या जागी लावा, दोघांत दीड फूट अंतर ठेवून.

पहिल्या वर्षी झाड जेमतेम सहा-आठ इंच वाढेल. वाढ जमिनीखाली चाललेली असते, त्यामुळे खुरटलं म्हणून खत घालायला जाऊ नका. फूल दुसऱ्या वर्षी, बहुतेकदा तिसऱ्या वर्षी येतं. पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठते-वितळते तेव्हा लहान रोपं वर ढकलली जातात आणि मूळ उघडं पडतं. जमीन पक्की गोठल्यावर वर पेंढा किंवा ओकची पानं सैल पसरा आणि मार्चअखेर काढून घ्या.

प्रश्न : चार वर्षांचं एकच झाड आहे. फुलांनी लगडतं, मधमाश्या येतात, पण शेंग एकही धरत नाही. (मिनिआपोलिसजवळ, मिनेसोटा)

उत्तर : कारण तुमच्याच वाक्यात आहे. झाड एकच आहे. स्वतःच्या परागांवर ते जवळजवळ फळत नाही. त्याच झाडाची फांदी किंवा मुळाचा तुकडा लावून केलेलं दुसरं झाडही चालणार नाही, ते त्याचंच अंग असतं. वेगळ्या बियांपासून वाढलेली किमान दोन, शक्य तर तीन झाडं जवळ लावा.

परागीभवनाची याची रीत इतकी वेगळी आहे की भिंग घेऊन एकदा बघावीच. फुलाच्या पाच पाकळ्या खाली वळलेल्या असतात आणि वर पाच उभे पेले, त्यांत मध. दोन पेल्यांच्या मध्ये एक उभी चीर असते. इतर फुलांसारखे सुटे पराग इथे नसतात. चिरेच्या वरच्या टोकाला काळपट तपकिरी ठिपका दिसतो, तो म्हणजे एक सूक्ष्म चिमटा, आणि त्याला दोन्ही बाजूंना परागांच्या पिवळ्या पिशव्या लोंबत असतात. मध पिताना कीटकाचा पाय घसरून चिरेत जातो, ओढून काढताना चिमटा पायाला अडकतो आणि पिशव्यांची जोडी बाहेर येते. दुसऱ्या झाडावर तोच पाय पुन्हा चिरेत गेला आणि पिशवी आत बसली, तरच शेंग. बारीक सुईचं टोक चिरेत घालून वर ओढलं तर जोडी सुईवर येते. लहान माशा कधीकधी पाय न सुटल्याने फुलावरच अडकून मरतात, तो रोग नाही.

इतकं जुळून येणं अवघड असल्यामुळे सगळं ठीक असतानाही डझनावारी फुलांच्या एका गुच्छात एक-दोनच शेंगा धरतात. तेवढ्या आल्या तर समाधान माना.

प्रश्न : स्थानिक दुकानात "मिल्कवीड" म्हणून मिळालेल्या झाडाची फुलं लाल-पिवळी आहेत. माझ्या आईने फोटो पाहून लगेच ओळखलं: हे आपल्याकडचं हळदीकुंकू! हेच का ते प्रेअरीचं झाड? (डॅलस, टेक्सस)

उत्तर : आईचं बरोबर आहे. ते अ‍ॅस्क्लेपिअस कुरासाविका, उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून भारतात येऊन ओढ्याकाठी, रस्त्याकडेला पसरलेलं. ओळखायच्या खुणा तीन. हळदीकुंकवाची पानं गुळगुळीत आणि समोरासमोर असतात, फूल दोन रंगांचं आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. बटरफ्लाय मिल्कवीडची पानं लवदार आणि एकाआड एक, फूल एकरंगी नारिंगी, क्वचित पिवळं किंवा लालसर, आणि तोडल्यावर निघणारा रस पाण्यासारखा.

टेक्ससमध्ये हा फरक महत्त्वाचा आहे. मोनार्क फुलपाखरं, ज्यांच्या अळ्या फक्त मिल्कवीड खातात, शरद ऋतूत तुमच्याच राज्यावरून मध्य मेक्सिकोच्या डोंगरांत जातात. देशी मिल्कवीड तोवर वाळतात. हळदीकुंकू मात्र सौम्य हिवाळ्यात हिरवंच राहतं, काही मोनार्क तिथेच थांबून अंडी घालत राहतात आणि पानांवर ओई नावाच्या सूक्ष्म परजीवीचे बीजाणू साठत जातात. ती पानं खाल्लेल्या अळ्यांची फुलपाखरं दुबळी, मुडपलेल्या पंखांची निघतात. झाड ठेवायचंच असेल तर ऑक्टोबरमध्ये सहा इंचांवर छाटा आणि फेब्रुवारीपर्यंत नवी फूट आली की पुन्हा छाटा. काढून टाकलं तर उत्तम.

त्या जागी काय लावायचं? डॅलसची काळी, चुनखडीयुक्त, भेगाळणारी माती ब्लॅकलँड प्रेअरीची आहे, बटरफ्लाय मिल्कवीडला ती मानवत नाही. तिथे ग्रीन मिल्कवीड आणि अँटिलोप हॉर्न्स हे तिथलेच देशी प्रकार लावा. नारिंगी हवंच असेल तर रेताड उंचवट्यावर.

प्रश्न : जुलैत शेंड्यांवर पिवळाधमक मावा पडतो. कडुनिंबाचं तेल फवारू का? (कोलंबस, ओहायो)

उत्तर : या झाडावर नाही. कडुनिंबातला अ‍ॅझाडिरॅक्टिन हा घटक अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो आणि मोनार्कची अळीही अळीच आहे. आपल्या घरांत कडुनिंब निरुपद्रवी मानायची सवय असल्यामुळे ही चूक फार होते.

काळ्या पायांचा हा पिवळा मावा कण्हेरीवरही येतो. सगळ्या माद्याच, आणि थेट पिल्लं घालणाऱ्या, म्हणून आठवड्यात शेंडा भरतो. आधी पानाची खालची बाजू बघा: टाचणीच्या डोक्याएवढं, उभ्या रेषांचं, सायीच्या रंगाचं एकुलतं अंडं असेल तर ते मोनार्कचं. ते पान सोडून शेंडा दोन बोटांत धरा आणि नळीच्या पाण्याने मावा धुवून काढा. तीन-चार दिवसांनी पुन्हा. फुगलेले, तपकिरी, न हलणारे मावे दिसले तर ते राहू द्या, त्यांच्या आत परजीवी गांधीलमाशीची पिल्लं असतात आणि पुढचं काम त्या करतात. निरोगी झाड माव्याने मरत नाही. खत घातलेल्या कोवळ्या फुटीवर मात्र मावा जास्त येतो.

शेंगांवर बसणारे नारिंगी-काळे ढेकूण बिया शोषतात. बी हवं असेल तर कोवळ्या शेंगेवर जाळीदार कापडाची छोटी पिशवी बांधा.

नर्सरीतून झाड घेताना इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक दिलंय का ते विचारा. ते रोपात मुरतं आणि पाण्याने धुऊन जात नाही. उत्तर नीट मिळालं नाही तर झाड घेऊ नका.

प्रश्न : तीन वर्षं झाली, फुलपाखरं फुलांवर येतात पण अळ्या दिसत नाहीत. (ओव्हरलँड पार्क, कॅन्सस)

उत्तर : मोनार्कची मादी या झाडावर अंडी घालते, पण कॉमन मिल्कवीड आणि स्वँप मिल्कवीड तिला जास्त पसंत असतात. मध इथे, अंडी तिथे असं पुष्कळदा होतं. बागेतल्या ओलसर कोपऱ्यात, जिथे बटरफ्लाय मिल्कवीड कुजेल, तिथे स्वँप मिल्कवीडची दोन-तीन झाडं लावा. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून पसरतं, लहान बागेत त्याला आणू नका.

प्रश्न : अपार्टमेंटच्या बाल्कनीत कुंडीत जमेल का? (शिकागो)

उत्तर : जमेल. कुंडी किमान १४ इंच खोल, तळाला मोठी भोकं. दोन भाग पॉटिंग मिक्सला एक भाग जाडी रेती किंवा पर्लाइट (निचऱ्यासाठी मिसळतात ते हलके पांढरे खडे). खाली पाणी साचणारी बशी ठेवू नका. जमिनीपेक्षा कुंडीतलं मूळ फार जास्त गारठतं, म्हणून डिसेंबर ते मार्च कुंडी गरम न केलेल्या गॅरेजमध्ये ठेवा आणि महिन्यातून एकदा अर्धा ग्लास पाणी. घरात, हीटरजवळ आणू नका. विश्रांती मोडली की झाड खचतं.

प्रश्न : झाड विषारी आहे का? घरात दोन वर्षांचं मूल आहे.

उत्तर : हो, पोटात गेलं तर. हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं त्यात आहेत, इतर मिल्कवीडपेक्षा कमी, पण आहेत. मूळ पूर्वी छातीच्या दुखण्यांवर औषध म्हणून वापरत. त्यावरून घरगुती काढे करू नका. कापताना हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका.

प्रश्न : मुलाकडे मॅडिसनला गेलो होतो तेव्हा हे फूल पाहिलं. परतताना बी आणून बंगल्याच्या बागेत लावावं असा विचार आहे. (पुणे)

उत्तर : आणू नका. भारतात बियाणं आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि निघणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, सामानात पाकीट टाकून आणणं नियमाविरुद्ध आहे. शिवाय पुण्याची थंडी त्याच्या विश्रांतीला अपुरी आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस मुळाला जीवघेणा. फुलपाखरांसाठीच लावायचं असेल तर कुंपणाला रुई राहू द्या. मोनार्कचा भाऊबंद प्लेन टायगर तिच्यावर अंडी घालतो आणि अळ्या पावसाळ्यानंतर सहज दिसतात. चीक डोळ्यांत जाणार नाही एवढं सांभाळा.

पुढच्या वेळी जुलैत गेलात तर मॅडिसनच्या विद्यापीठ आर्बोरेटममधली कर्टिस प्रेअरी बघा. १९३० च्या दशकात पडीक शेतावर ती पुन्हा उभी केली गेली. शिकागोकडे जाणं झालं तर लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममधली, १९६२ मध्ये सुरू झालेली शुलेनबर्ग प्रेअरी. इलिनॉयच्या सुमारे २ कोटी २० लाख एकर मूळ प्रेअरीतली चांगल्या अवस्थेतली जेमतेम अडीच हजार एकर उरली आहे. म्हणूनच कुठल्याही प्रेअरीतून झाड उपटू नका, शेंगही तोडू नका.

प्रश्न : आम्ही घर बदलतोय. सहा वर्षांचं झाड सोबत नेता येईल का? (नेपरविल, इलिनॉय)

उत्तर : एवढ्या जुन्या झाडाचं मूळ अखंड निघत नाही, ते जागीच सोडा. ऑक्टोबरमध्ये एका बाजूने माती सारून बोटाएवढ्या जाडीचं एखादं मूळ कापून घ्या, त्याचे दोन-दोन इंचांचे तुकडे करा. माथ्याकडचं टोक सरळ कापा आणि खालचं तिरकं, म्हणजे उलटसुलट होणार नाही. ओलसर रेतीत उभे रोवा, वरचं टोक मातीच्या पातळीला, आणि हिवाळाभर गारव्याच्या पण न गोठणाऱ्या जागी ठेवा. मेमध्ये फूट दिसेल. सगळे तुकडे धरत नाहीत, म्हणून सहा-सात लावा. सोबत शेंगा तडकायच्या बेतात असताना बी काढून ठेवा: शिवणीवर दाबल्यावर शेंग उघडली आणि बी तपकिरी असेल तर तयार, पांढरं असेल तर अजून आठवडाभर थांबा.